सरासरीचा दावा आणि त्याची परीक्षा

(शिक्षकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपणांपैकी कित्येकांना अध्यापक विद्यालयातील मूल्यमापनाच्या पुस्तकाचे शेवटचे प्रकरण आठवले असेल. ते प्रकरण परीक्षेपुरते पाठ करावयाचे आणि परीक्षा संपताच बाजूस ठेवावयाचे, असा बहुतेकांचा प्रघात असतो. वस्तुतः त्या प्रकरणातील प्रश्न आपल्या शाळेच्या दारी रोज उभा असतो. 'पोत्यात सरासरी पन्नास किलो तांदूळ असतो', 'आमच्या केंद्रातील तिसरीची मुले मिनिटास सरासरी साठ शब्द वाचतात', 'ह्या वर्षी मुलांचे सरासरी वजन वाढले' ही सर्व विधाने एकाच जातीची आहेत. एका मोठ्या समूहाच्या सरासरीविषयी कोणीतरी दावा केलेला असतो, आणि तो मान्य करावा की नाकारावा हे आपण थोड्याशा मोजणीवरून ठरवावयाचे असते. हा निर्णय चुकला तर त्याची किंमत बहुधा मुलांना द्यावी लागते. म्हणून आज सूत्रांच्या आधी त्यांच्यामागील विचार पाहू, आणि मग एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू.

उदाहरण आपल्या रोजच्या कामातीलच घेऊ. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलास दररोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य, असे प्रमाण ठरलेले आहे. २०२१ पासून ही योजना प्रधानमंत्री पोषणशक्ती निर्माण ह्या नावाने चालते. आता हिशेब पाहा. ५० किलोचे एक पोते म्हणजे लहान वर्गांतील ५०० मुलांचे एका दिवसाचे धान्य. पोत्यात १०० ग्रॅम तूट आली की एका मुलाचा वाटा गेला. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरील मुलाला हा दुपारचा घास किती महत्त्वाचा असतो, हे येथे बसलेल्यांस मी सांगावयास नको.

समजा, एका केंद्रासाठी २०० पोती आली आहेत आणि प्रत्येकात सरासरी ५० किलो तांदूळ असल्याचे कागदावर लिहिले आहे. दोनशेही पोती मोजता आली तर प्रश्नच मिटला. परंतु तेवढा वेळ आणि तेवढे हात आपणांजवळ नसतात. तेव्हा थोडी पोती मोजून सर्वांविषयी बोलावे लागते. ज्या सर्व पोत्यांविषयी दावा केला आहे त्यांस समष्टी म्हणतात आणि त्यांतून मोजण्यासाठी निवडलेल्या पोत्यांस नमुना म्हणतात.

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. नमुन्याचे सारे शास्त्र ह्या एका म्हणीत आले आहे. मात्र म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. भात ढवळलेला असतो, म्हणून वरचे एक शीत सगळ्या पातेल्याची साक्ष देते. पोत्यांची थप्पी कोणी ढवळीत नाही. दारापाशी ठेवलेली चार चांगली पोती मोजली, तर ती दाराजवळच्या पोत्यांचीच साक्ष देतील. मुद्दाम फाटकी पोती काढून मोजली, तर ती फाटक्यांची साक्ष देतील. म्हणून २०० पोत्यांना क्रमांक द्यावेत, तितक्या चिठ्ठ्या कराव्यात, त्या मिसळाव्यात आणि डोळे मिटून हव्या तितक्या उचलाव्यात. चिठ्ठी उचलणे हेच आपले ढवळणे. अशा निवडीस यादृच्छिक निवड म्हणतात. प्रत्येक पोत्याला निवडले जाण्याची सारखीच संधी मिळणे, एवढाच ह्या अवघड शब्दाचा अर्थ आहे.

आता मोजण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून ठेवावयाच्या. पहिली, ज्याची परीक्षा करावयाची ते विधान: 'सर्व पोत्यांची सरासरी ५० किलो आहे.' ह्यास शून्य परिकल्पना म्हणतात. दुसरी, ते विधान टिकले नाही तर आपण काय मानणार: 'सरासरी ५० किलोपेक्षा कमी आहे.' ही पर्यायी परिकल्पना होय. तिसरी, किती पुरावा मिळाला असता आपण पहिले विधान नाकारू. साधारणतः असे ठरवितात की, दावा खरा असतानाही केवळ चिठ्ठ्यांच्या योगायोगाने आपल्याला दिसली तेवढी किंवा तिच्याहून अधिक तूट येण्याचा संभव शंभरात पाच किंवा त्याहून कमी असेल, तरच दावा नाकारावयाचा. ह्यास पाच टक्के सार्थकता पातळी म्हणतात. ह्या तीन गोष्टी आधीच का लिहावयाच्या, ते लवकरच दिसेल.

समजा, चिठ्ठीने नऊ पोती निघाली. प्रत्येकाचे वजन करून बारदानाचे वजन वजा केले, तेव्हा तांदूळ असा भरला: ५०.६, ५०.२, ५०.०, ४९.७, ४९.५, ४९.५, ४९.२, ४९.० आणि ४८.७ किलो. हे आकडे केवळ उदाहरणाकरिता घेतले आहेत. त्यांची बेरीज ४४६.४ आणि सरासरी ४९.६ किलो येते. म्हणजे नमुन्यात दर पोत्यामागे ४०० ग्रॅम तूट दिसते.

येथे दोन प्रकारची माणसे घाई करतात. एक म्हणतो, 'तूट आहे, तक्रार करा.' दुसरा म्हणतो, 'दोन पोत्यांत पन्नासाहून जास्त भरले आहे, एकात बरोबर पन्नास आहे. इतके कमीजास्त व्हायचेच.' दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे, आणि दोघांनीही खरा प्रश्न विचारलेला नाही. खरा प्रश्न असा: पोती स्वभावतः जितकी कमीजास्त भरतात ते लक्षात घेता, नऊ पोत्यांच्या सरासरीत ४०० ग्रॅमची तूट नुसत्या योगायोगाने दिसावी, हे कितपत संभवनीय आहे?

ह्याचे उत्तर काढण्यासाठी प्रथम पोत्यापोत्यांतील फरक मोजू. प्रत्येक वजनातून ४९.६ वजा करून येणाऱ्या फरकांचा वर्ग करावा आणि त्या वर्गांची बेरीज घ्यावी, ती २.८८ येते. नऊ फरकांची बेरीज नेहमी शून्यच येत असल्यामुळे आठ फरक कळले की नववा आपोआप ठरतो. म्हणून भागावयाचे ते नवाने नव्हे, आठाने. ह्या आठास स्वाधीनता मात्रा म्हणतात. भागाकार ०.३६ येतो आणि त्याचे वर्गमूळ ०.६. हे प्रमाण विचलन होय. एकेक पोते सरासरीपासून साधारण ६०० ग्रॅम इकडेतिकडे असते, असा त्याचा ढोबळ अर्थ.

परंतु आपण एका पोत्याविषयी बोलत नाही, नवांच्या सरासरीविषयी बोलतो. आणि सरासरी ही एकेका पोत्यापेक्षा स्थिर असते, कारण तीत एकाचे कमी दुसऱ्याच्या जास्तीने भरून निघते. किती स्थिर? प्रमाण विचलनास नमुन्याच्या संख्येच्या वर्गमुळाने भागावे. नवाचे वर्गमूळ तीन, ०.६ ला ३ ने भागून ०.२ येतात. ही सरासरीची प्रमाण त्रुटी होय. आता तूट ०.४ आणि प्रमाण त्रुटी ०.२. तूट त्रुटीच्या दुप्पट आहे, म्हणजे 'टी' ची किंमत वजा २ झाली. आठ स्वाधीनता मात्रांसाठी कोष्टकात पाहिले असता, कमीच्याच बाजूची परीक्षा पाच टक्के पातळीवर करताना सीमा १.८६० ही आहे. आपली तूट ती सीमा ओलांडून गेली. सरासरी पन्नास किलोचा दावा ह्या पुराव्यापुढे टिकत नाही.

हे कोष्टक कोठून आले, हे सांगण्यासारखे आहे. डब्लिन येथील गिनेस ह्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यात विल्यम गॉसेट नावाचे रसायनज्ञ होते. थोड्या नमुन्यांवरून निर्णय घ्यावयाचा, ही त्यांची रोजची अडचण. मोठ्या नमुन्याचे नियम लहान नमुन्यास लावले तर निष्कर्ष फाजील आत्मविश्वासाचे येतात, हे ओळखून त्यांनी १९०८ मध्ये लहान नमुन्यांचे गणित मांडले आणि 'स्टुडंट', म्हणजे विद्यार्थी, ह्या टोपणनावाने ते प्रसिद्ध केले. म्हणून आजही ह्या परीक्षिकेस स्टुडंटची टी-परीक्षिका म्हणतात. नऊ पोत्यांच्या आपल्या प्रश्नाचे मूळ अशा रीतीने एका कारखान्यातील व्यावहारिक गरजेत आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत माल तपासण्याच्या कामावर असलेल्या पालकास विचारा; सर्व पिशव्या न मोजता काही निवडून मोजावयाच्या, हे त्यास नवे वाटणार नाही.

आता आधी लिहून ठेवण्याचे कारण पाहू. समजा, आपण मोजण्यापूर्वी असे ठरविले असते की, कमी असो वा जास्त, दोन्ही बाजूंचा फरक तपासावयाचा. तर पाच टक्क्यांची सीमा २.३०६ झाली असती आणि वजा २ ही किंमत तिच्या आत राहिली असती. दावा नाकारता आला नसता. त्याच पोत्यांवर, त्याच काट्यावर निर्णय मात्र उलटा. म्हणून वजने पाहून झाल्यावर जो आपली कसोटी निवडतो, तो परीक्षा घेत नाही. आधीच ठरलेल्या मतास कोष्टकाची साक्ष मिळवून देतो. प्रश्नपत्रिका पाहून झाल्यावर अभ्यासक्रम ठरविणाऱ्या परीक्षकास आपण काय म्हणू? तोच न्याय येथे.

निर्णय झाल्यावरही चार सावधगिरीच्या गोष्टी उरतात.

पहिली गोष्ट अशी की, ही परीक्षा निश्चित सत्य सांगत नाही. चुकीला ती मर्यादा घालते. चूक दोन बाजूंनी होऊ शकते. पोती पूर्ण भरलेली असताना आपण तूट ठरविली, तर एका प्रामाणिक माणसावर ठपका येतो. पोती खरोखर कमी असताना आपण दावा मान्य केला, तर मुलांचा घास जातो. ह्या दोन चुकांचा वेगवेगळा विचार करण्याची रीत येझी नेमन आणि एगॉन पीअर्सन ह्यांनी १९३३ मध्ये शास्त्रशुद्ध स्वरूपात मांडली. त्याच सुमारास सातारा जिल्ह्यातील बुध ह्या गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांच्या सहवासात शिकत होते. पुढे ह्या विद्येचा उपयोग सुखात्म्यांनी शेतातील पीक मोजण्यासाठी आणि माणसाच्या ताटातील अन्न मोजण्यासाठी केला. त्यांचे नाव पुढेही दोनदा येईल.

दुसरी गोष्ट: दावा नाकारता आला नाही, म्हणजे तो सिद्ध झाला असे नव्हे. समजा, आपण कंटाळा करून चारच पोती मोजली आणि सरासरी व विचलन तेच आले. मग प्रमाण त्रुटी ०.३, टी ची किंमत वजा १.३३ आणि सीमा २.३५३. दावा नाकारता येत नाही. पण तूट तीच आहे! ४०० ग्रॅम म्हणजे दर पोत्यामागे चार मुलांचे धान्य, आणि २०० पोत्यांमागे ८० किलो, म्हणजे ८०० वाटे. पोती भरलेली होती म्हणून आपण गप्प राहिलो असे नाही. आपली मोजणी तोकडी होती म्हणून गप्प राहिलो. उलट ३६ पोती मोजली असती आणि सरासरी व विचलन तसेच राहिले असते, तर प्रमाण त्रुटी ०.१ वर येऊन टी ची किंमत वजा ४ झाली असती आणि शंकेस फारशी जागा राहिली नसती. नमुना चौपट केला की त्रुटी निम्मी होते, हा नियम लक्षात ठेवावा. 'तपासणीत काही आढळले नाही' असा शेरा लिहिताना किती तपासले, हेही त्याच ओळीत लिहावे.

तिसरी गोष्ट: गणित पक्षपात धुऊन काढीत नाही. काटा शून्यावर नसेल, तर नऊ काय आणि नव्वद काय, सर्वच वजने एकाच बाजूस चुकतील. सुखात्म्यांनी १९४० नंतरच्या दशकात कृषि संशोधन परिषदेत काम करताना पिकाच्या कापणीचे प्रयोग केले. शेतात फार लहान वाफा आखून कापणी केली, तर उत्पन्नाचा अंदाज वास्तवाहून जास्त येतो, असे त्यांनी १९४६ मध्ये 'नेचर' ह्या नियतकालिकात दाखवून दिले. कारण साधे होते: कडेवरचे रोप आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. वाफा लहान, तितकी कड जास्त आणि तितकी चूक जास्त. असे हजार लहान वाफे कापले तरी ती चूक कमी होत नाही.

आपल्या जिल्ह्यात ही कड कोठे आहे? दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, विक्रमगड ह्या तालुक्यांतील कित्येक कुटुंबे वीटभट्टीच्या व इतर मजुरीच्या कामावर बाहेर पडतात आणि मुलेही त्यांच्यासोबत जातात. जानेवारीत शाळेत हजर असलेल्या मुलांचे वजन घेऊन 'सरासरी वजन वाढले' असे लिहिले, तर ते हजर मुलांपुरते खरे असेल. गेलेल्या मुलांविषयी त्यातून काही कळत नाही. इकडे बोईसर-तारापूरकडील शाळांत कामगारांची मुले वर्षाच्या मध्येच दाखल होतात आणि मध्येच जातात. ज्या समष्टीविषयी आपण बोलतो ती पटावरच्या मुलांची, हजर मुलांची की गावातील सर्व मुलांची, हे आधी ठरले पाहिजे. जे मूल चिठ्ठीतच नाही, त्याची साक्ष कोणतीही परीक्षिका काढू शकत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. सरासरीचा दावा खरा ठरला तरी एकेकाचे भले झाले, असे होत नाही. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ ह्यांनी भारतातील दारिद्र्याविषयीच्या आपल्या अभ्यासात दरडोई दररोज २२५० उष्मांकांची रेघ आखली. त्यावर सुखात्म्यांनी आक्षेप घेतला. सरासरी गरज ही प्रत्येकाची किमान गरज नसते. गरज माणसागणिक बदलते, आणि एकाच माणसाची दिवसागणिकही बदलते, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद दोघा थोर अभ्यासकांत पुढे वर्षानुवर्षे चालला, आणि त्याचा निवाडा करणे हा आजचा विषय नाही. आपण त्यातून एवढेच घ्यावे की, सरासरी हा समूहाचा गुण आहे. ती व्यक्तीला चिकटविताना जपावे. वेष्टनबंद मालासंबंधीच्या २०११ च्या नियमांतही हाच विवेक दिसतो. नमुन्याची सरासरी जाहीर वजनाहून कमी असता कामा नये, आणि त्याशिवाय एकेका वेष्टनातील तूटही मर्यादेत असली पाहिजे, अशी दुहेरी कसोटी तेथे आहे.

वाचनाच्या बाबतीत हीच दृष्टी ठेवावी. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटास किमान साठ शब्द अर्थासह वाचावेत, असे उद्दिष्ट आहे. ते प्रत्येक मुलासाठी आहे. वर्गातील निम्मी मुले नव्वद शब्द वाचतात आणि निम्मी तीसच, तर सरासरी साठ येईल, दावा परीक्षेत टिकेल, आणि अर्धा वर्ग मागे राहील. सरासरी तपासल्यावर तिच्या खाली कोण राहिले, त्यांची नावे वाचणे हे शिक्षकाचे काम आहे. ते काम कोष्टक करीत नाही.

आता आपण काय करावे? माल उतरवून घेतानाच चिठ्ठीने पोती निवडावीत. काटा रिकामा असताना शून्यावर आहे की नाही ते पाहावे आणि माहीत असलेले वजन ठेवून त्याची खात्री करावी. बारदान वेगळे मोजावे. फाटलेले वा भिजलेले पोते निवडीत आले तर ते बदलू नये. त्याची वेगळी नोंद करावी, कारण एकच विलक्षण वजन लहान नमुन्याचा सारा हिशेब फिरवू शकते. सातवी-आठवीच्या मुलांना मोजणीत सहभागी करावे. बोर्डी-कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी मुलांच्या भोवतालच्या वस्तूंतूनच शिक्षण उभे केले. त्या जिल्ह्यातील मुलांना सरासरी शिकविण्यासाठी तांदळाच्या पोत्याहून चांगले साधन कोठे शोधावयाचे? आणि अहवालात निष्कर्षाबरोबर सर्व वजने, नमुन्याची संख्या आणि आधी ठरविलेली कसोटी लिहावी.

तूट सिद्ध झाली तरी ती कोणी केली, हे ह्या परीक्षेतून कळत नाही. शिवण उसवली असेल, वाटेत सांडले असेल, भरताना काटा चुकला असेल. परीक्षा तूट दाखविते, माणूस दाखवीत नाही. म्हणून अहवालाची भाषा आरोपाची नसावी, मोजणीची असावी. 'दोनशेपैकी चिठ्ठीने निवडलेली नऊ पोती मोजली, सरासरी ४९.६ किलो, पन्नास किलोचा दावा पाच टक्के पातळीवर टिकत नाही, उरलेली पोती मोजून मिळावीत' अशा चार ओळी पुरेत. त्या शांतपणे लिहिलेल्या असतात, आणि त्यांस उत्तर द्यावेच लागते.

आपण मुलांस गुणाकार-भागाकार शिकवितो ते त्यांनी पुढे कोणाच्या शब्दावर आंधळेपणाने विसंबू नये म्हणून. तो धडा प्रथम आपण आपल्या कोठीघरात गिरवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.